अण्णांच्या बुलेटचं तेल

अण्णा गेल्यावर त्यांची बुलेट सहा वर्षं साताऱ्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. १९८५ची, कास्ट आयर्न सिलिंडरची, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली. गेल्या दिवाळीत ठरवलं की आता ही चालू करायचीच. प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटर, बॅटरी, सगळं एका आठवड्यात मार्गी लागलं. अडलं ते तेलापाशी, आणि त्यात जवळजवळ दोन महिने गेले.

पहिली चूक मी घाईत केली. तेलाच्या टोपीची दांडी बाहेर काढली तर तिला जेमतेम ओल होती. तेल कमी आहे असं समजून पाऊण लिटर ओतलं आणि किक मारली. सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर शेडभर झाला, इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदर पाइपमधून तेल फसफसून बाहेर आलं आणि फरशीवर थारोळं साचलं. मला वाटलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या, आता सिलिंडर बोअर करावं लागणार.

अण्णांच्या काळापासून गाडी बघणारे मिस्त्रीमामा आले. त्यांनी इंजिनाला हात लावायच्या आधी विचारलं, "तेल मोजलंस कधी? उभ्या गाडीत?"

"हो, मामा."

"मग तिथंच फसलास. उभ्या बुलेटचं तेल मोजायचं नसतं. दहा मिनिटं चालवायची, मग बघायचं."

या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसच्या ओतकामातच आहे, पण क्रँक फिरतो तो कप्पा वेगळा. एक पंप टाकीतलं तेल बिग एंडकडे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाकडे ढकलतो, दुसरा खाली साचलेलं तेल उपसून परत पाठवतो. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की जुन्या, झिजलेल्या पंपातून तेल झिरपत टाकीतून क्रँकच्या कप्प्यात उतरतं. दांडीला तेल दिसत नाही, पण ते इंजिनातच असतं. मी त्यावर आणखी पाऊण लिटर घातलं होतं. म्हणजे धूर त्या जादा तेलाचा होता, रिंगांचा दोष नव्हता. हे कळलं तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

आता प्रश्न, कोणतं तेल. मामा म्हणाले, ट्वेंटी-फॉर्टी, म्हणजे डब्यावर 20W-40 लिहिलेलं, घाल. पुण्याला नाना पेठेत पॅकिंगचा सेट आणायला गेलो, तिथे काउंटरवरच्या माणसाने फुल सिंथेटिक टेन-फॉर्टी पुढे केलं. ऑफिसातल्या एका बुलेटवाल्याने छातीठोकपणे सांगितलं, डिझेल इंजिनाचं फिफ्टीन-फॉर्टी घाल, गाळ धुऊन काढेल. तिघंही अनुभवी, तिघंही मनापासून सांगत होते.

अण्णांची एक वही होती, रेशनच्या हिशेबाच्या वहीसारखी लांबट. प्रत्येक ऑइल बदलाची तारीख, किलोमीटर आणि भाव त्यात लिहिलेला. सुरुवातीची कित्येक पानं "४० नंबर, २ लि." असंच लिहिलंय. ही नोंद मला फार उपयोगी पडली. ४० नंबर म्हणजे सिंगल ग्रेड, एकाच आकड्याचं तेल. तशा जुन्या साध्या तेलांत मळ धरून ठेवणारे डिटर्जंट कमी किंवा नसायचेच. काजळी तेलात तरंगत न राहता तळाला बसायची. म्हणजे या इंजिनाच्या पोटात वर्षानुवर्षांचा गाळ असणार, आणि त्यावर एकदम जोरदार डिटर्जंटचं तेल घातलं तर तो गाळ सुटून तेलाच्या वाटांत अडकायची भीती. या बुलेटच्या बिग एंडला रोलर बेअरिंग नाही, फ्लोटिंग बुश आहे. ती तेलाच्या पातळ थरावर फिरते. तिथे कचरा गेला की संपलं. म्हणून डिझेलवाल्या तेलाचा सल्ला मी बाजूला ठेवला. ते तेल वाईट म्हणून नव्हे, पण आधी इंजिन साफ करायला हवं होतं.

आम्ही तेच केलं. खालचे ड्रेन प्लग काढले. पहिल्यांदा काळं पाणीदार तेल आलं, शेवटी डांबरासारखा लगदा. मामांनी तो बोटावर घेऊन घासला, मग लोहचुंबक फिरवलं. बारीक लोखंडी भुकटी थोडी लागली, कण मोठे नव्हते. टायमिंग कव्हर उघडून पंप आणि पंप फिरवणारा वर्म गिअर बघितला, फेल्टचा फिल्टर नवा टाकला. मग स्वस्तातलं साधं ट्वेंटी-फॉर्टी घालून दोनशे किलोमीटर चालवली आणि तेही काढून टाकलं. पहिल्या दिवशी इंजिन चालू असताना वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या तेलनळीचा बॅन्जो (पोकळ) बोल्ट जरा ढिला करून तेल वर चढतंय याची खात्री केली. तो थेंब दिसल्याशिवाय मी पुढची किक मारली नसती.

या मधल्या दिवसांत मी डब्यावरची अक्षरं नीट शिकलो. "डब्ल्यू" म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या घट्टपणाचा, नंतरचा शंभर अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहतं त्याचा. ४० ग्रेडचं तेल त्या तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकमध्ये (हे दाटपणाचं माप) बसतं, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९मध्ये. साताऱ्यात गोठणारी थंडी पडत नाही, त्यामुळे पहिला आकडा १० असो की २०, मला फरक नव्हता. एप्रिल-मेमध्ये घाटात दुसऱ्या गिअरवर ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचं हे हवेवर थंड होणारं इंजिन तापतं, तेव्हा मात्र दुसरा आकडा महत्त्वाचा. त्यातून जुनं इंजिन, झिजेने फटी वाढलेल्या. म्हणून ट्वेंटी-फिफ्टी, मिनरल, म्हणजे साधं खनिज तेल. सिंथेटिक तेल या इंजिनाला मारक नाही, पण दीड हजार किलोमीटरला बदलायचंच आहे तर एवढे पैसे कशाला, असं मला वाटलं.

जासो एमए या जपानी मानकाच्या शिक्क्यावर मी सगळ्यात जास्त अडखळलो. मोटारसायकलच्या तेलावर हा शिक्का हवा, कारण आजच्या बहुतेक गाड्यांत क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो आणि कारच्या काही तेलांतल्या निसरड्या रसायनांनी तो घसरतो. पण माझ्या बुलेटमध्ये तीन वेगळी घरं आहेत. इंजिनाचं एक, प्रायमरी चेन आणि क्लचचं दुसरं, गिअरबॉक्सचं तिसरं. इंजिनाचं तेल क्लच प्लेटांना शिवतच नाही. मग शिक्का कशाला बघायचा?

तर फॉस्फरससाठी. या इंजिनाचे व्हॉल्व्ह उचलणारे टॅपेट सपाट आहेत, फिरत्या कॅमवर घासत चालतात. त्या घासणीपासून वाचवणारं जस्त-फॉस्फरसचं रसायन, झेडडीडीपी, कारच्या नव्या पातळ तेलांत कमी करत आणलंय, कारण फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. जासोच्या नियमात मात्र फॉस्फरस किमान ०.०८ टक्के असावंच लागतं. म्हणजे जो शिक्का मी क्लचसाठी बघणार होतो, तो कॅमसाठीही कामाचा निघाला. एकच डबा घेतला, सुमारे दोन लिटर इंजिनात, उरलेलं चेनकेसमध्ये लेव्हलच्या स्क्रूपर्यंत.

गिअरबॉक्सला नव्वद नंबरचं गिअर ऑइल. इथे डब्यावर जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) आहे का, तेवढं पाहिलं. जीएल-५मध्ये गंधकाची रसायनं जास्त असतात, आणि काही तेलांतली ती पितळ-ब्राँझला खातात. या गिअरबॉक्समध्ये ब्राँझच्या बुश आहेत. मामांनी त्यात थोडं ग्रीस मिसळलं. जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स तेल धरून ठेवत नाही, म्हणून. हे त्यांनी मला न सांगता केलं आणि बरंच केलं.

परवा वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला थांबलो. हळूहळू आयडलिंगवर सोडली. टॅपेटचा आवाज आला तो एकसारखा, धूर नाही, ब्रीदर पाइप कोरडा. दांडी पुसून बघितली, तेल खुणेवर. गिअरबॉक्सखाली मात्र अजून एक थेंब दिसतो. पावसाळ्याआधी स्लीव्ह गिअरची बुश बदलायची आहे, मामांना रविवार विचारून ठेवलाय.