फॉर्मवर सगळेच ‘एक्सपिरियन्स्ड’

मी जोहान्सबर्गला राहते आणि घोड्यावरून जंगल फिरायच्या ट्रिपा जुळवून देणं हा माझा जॉब. घोडे आमचे नाहीत, कॅम्प आमचे नाहीत, आम्ही फक्त कुठला माणूस कुठल्या देशात आणि कुठल्या राइडवर पाठवायचा ते बघतो. लोकांना वाटतं यात काय एवढं, फोटो बघायचे आणि आवडेल ते बुक करायचं. केनियातल्या मसाई मारात जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्टचे कळप असतात म्हणून सगळ्यांना तेव्हाच तिथे जायचं असतं, पण तिथली राइड म्हणजे रोज पाच-सहा तास खोगिरात, आणि कॅम्प दर दोन-तीन दिवसांनी उचलून पुढे. नामिबियात तर अख्खं वाळवंट कापत अटलांटिकच्या किनाऱ्याला स्वाकोपमुंडपर्यंत जायचं, प्राणी कमी आणि अंतर प्रचंड, ते खऱ्या दमदार रायडरचं काम. लेसोथो याच्या बरोब्बर उलट. तिथल्या बासोथो पोनी डोंगरातल्या पायवाटांनी पाय जपून टाकत चालतात, पळापळ फारशी नाही, नवख्या माणसालाही झेपतं (थंडी मात्र मरणाची, जून-जुलैत बर्फसुद्धा पडतो).

आणि मग बोट्सवानाचा ओकावांगो डेल्टा, म्हणजे नदी समुद्राला न मिळता जमिनीवरच पसरते ती पाणथळ जागा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना तोच हवा असतो, कारण तो फोटो. घोडे पाण्यातून उधळत चाललेत, तुषार उडतायत, मागे सूर्य. अंगोलाच्या डोंगरात जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस सरकत सरकत थेट जून-जुलैत डेल्टात पोचतो, म्हणजे आजूबाजूला कोरडाठाक हिवाळा आणि इथे पूर, असा उलटा प्रकार. 2014 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आलेलं हे हजारावं ठिकाण. सुंदर आहेच, प्रश्नच नाही. पण त्या फोटोत सिंह दिसत नाही, हत्ती दिसत नाही आणि गाइडच्या पाठीवरची रायफल पण दिसत नाही.

तर पुण्याच्या एका टूर कंपनीकडून आमच्याकडे एक फॅमिली आली. सतरा वर्षांची मुलगी, तिची आई आणि मामा. मुलगी पुण्यात राइडिंग शिकलेली, जंपिंगच्या स्पर्धा करणारी. आई घोड्यावर कधी बसलेली नाही आणि बसणारही नाही असं स्पष्ट लिहिलेलं. मामांच्या फॉर्मवर ‘एक्सपिरियन्स्ड’वर टिक, वजन 92 किलो. ओकावांगोची मोबाइल राइड, म्हणजे कॅम्प हलवत पुढे जायची ती, पुण्यातूनच पक्की झालेली, मुलगी आणि मामा सहा रात्री तिकडे, आई तोवर डेल्टाजवळच्या मौन गावातल्या हॉटेलात. त्याच्या आधी तीन रात्री वॉटरबर्गमध्ये ठेवा हा हट्ट माझा. जोहान्सबर्गपासून तीनेक तास ड्राइव्ह, मलेरिया नाही, जिराफ, झेब्रा, गेंडे दिसतात आणि आम्ही जिथे पाठवतो त्या भागात सिंह नाहीत. माणूस घोड्यावर कसा बसतो ते तिथे शांतपणे बघता येतं. भारतातली फॅमिली म्हणून मी पण सोबत गेले.

पहिल्या सकाळी गवतावर दव गोठलेलं, घोड्यांच्या नाकातून वाफा. तिथली हेड गाइड एक चाळिशीची आफ्रिकान्स बाई, बोलणं मोजकं. तिने सगळ्यांना आधी खाद्याच्या गोदामात नेलं आणि पोती मोजायच्या काट्यावर आधी स्वतः उभी राहिली, मग मला उभं केलं (मी जीव मुठीत धरून), मग मुलीला, मग मामांना. काटा 107 वर थांबला. मामा म्हणाले, बूट जड आहेत. गाइडने काही न बोलता पाटीवर आकडा लिहिला आणि त्यांना फार्मवरचा सगळ्यात दणकट बूरपर्ड (इथलीच घोड्याची एक जात) दिला, तासाभरापुरता आणि फक्त सपाटीवर. ओकावांगोच्या त्या ऑपरेटरची मर्यादा 95 होती, बहुतेक ठिकाणी तेवढ्याच्या आसपास असते. यात माणसाला हिणवायचा प्रश्न नसतो हो, वाळूत आणि पाण्यात रोज पाच-सहा तास तेवढं ओझं त्या जनावराच्या मणक्यावर येतं.

आधी रिंगणात चालवलं, मग ट्रॉट म्हणजे दुडकी चाल, मग बाहेर. मला वाटलं होतं मुलगी डोळे झाकून पास होईल, तर पहिली दहा मिनिटं तिचीच वाईट गेली. क्लबमध्ये शिकलेली मुलं लगाम आखडून, घोड्याचं तोंड सतत हातात धरून चालवतात, आणि हे घोडे सैल लगामावर, एका हातावर चालायला शिकलेले. तिची घोडी डोकं वर फेकायला लागली, ही अजून आखडायला लागली. गाइडने मागे वळून एवढंच सांगितलं, लगाम सोड, ती कुठे जात नाही. पोरीने सोडला. घोडीने मान खाली टाकली, नाक फुरफुरवलं आणि पुढे ती दोघं इतकी छान चालायला लागली की मी माझ्या घोड्याकडे बघायचं विसरले.

मामांचं वेगळं होतं. चालताना ऐटीत, एक हात कमरेवर, जिराफ दिसला की मोबाइल बाहेर. जिराफ अगदी जवळ येऊ देतात बरं का, घोडा हा त्यांच्यासारखाच गवत-पाला खाणारा, त्याच्या वासात माणसाचा वास दबतो, जीप बघून दूर जाणारे प्राणी घोड्याकडे बघत उभे राहतात. (गेंड्याचा फोटो काढायचा तर लोकेशन बंद करायचं, हे तिथे आधीच बजावून सांगतात, शिकाऱ्यांच्या भीतीने.) पण ट्रॉट सुरू झाला की मामांची मांड सुटायची. घोड्याच्या तालावर उठायचं-बसायचं हे त्यांना माहीतच नव्हतं, दर पावलाला धपकन खोगिरावर, आणि तोल जाऊ नये म्हणून लगामालाच लटकायचे. घोड्याचे कान मागे चिकटलेले.

परतताना झुडपातून एक वॉर्टहॉग, म्हणजे इथलं सुळेवालं रानडुक्कर, सुसाट निघाला. मुलीची घोडी बाजूला उडाली, मुलगी तिच्याबरोबर गेली, दोन ढांगांत थांबली. मामांचा घोडा जेमतेम हातभर सरकला असेल, तरी त्यांचा पाय रिकिबीतून सुटला आणि ते मानेला मिठी मारून लोंबकळले. गाइडने घोडा आडवा घालून लगाम पकडला. मामा वर बसले, हसले, म्हणाले मजा आली. गाइड हसली नाही. तबेल्यात खोगीर उतरवल्यावर तिने घोड्याच्या पाठीवरून दोन बोटं दाबत नेली, एका जागी कातडी थरथरली आणि घोडा खाली वाकला. तिने माझ्याकडे बघितलं. मला कळलं आता पुढचं मला मराठीतून सांगायचंय.

नाश्त्याला बसलो तेव्हा मी सांगितलं की ओकावांगोची राइड तुम्हाला देता येणार नाही. मामा आधी हसले, मग तापले. “अहो ताई, पडलो का मी? नाही ना पडलो? लहानपणापासून माथेरानला घोड्यावर बसतोय मी.” मी म्हटलं, “मामा, तिथे घोडेवाला सोबत चालतो आणि घोड्याला रस्ता पाठ असतो. डेल्टात हत्ती अंगावर आला तर गाइड दाखवेल त्या दिशेने भरधाव सुटायचंय, पाण्यातून, खाली आर्डवार्क नावाच्या डुकरासारख्या प्राण्याने खणलेली बिळं असतात ती चुकवत. आणि सिंह समोर आला तर उलट, घोडा कितीही नाचला तरी जागचं हलायचं नाही.” “पूर्ण पैसे भरलेत आम्ही.” तेही खरं होतं. मग म्हणाले मोठा घोडा द्या. तर घोडा मोठा दिला म्हणून मांड पक्की होत नाही, आणि इथे घोडे असे कुठूनही आणताही येत नाहीत, आफ्रिकन हॉर्स सिकनेस नावाचा रोग आहे, चिलटांसारख्या बारीक माश्यांमुळे पसरतो, बाहेरचा लस न घेतलेला घोडा त्यात पटकन जातो. हाच रोग 1960 मध्ये भारतापर्यंत आला होता. हे मी कशाला सांगत बसले देव जाणे, पण त्याने मामा जरा शांत झाले, पुण्यात पोल्ट्री आहे त्यांची, रोगराई म्हटलं की लगेच लक्ष देऊन ऐकतात.

खरी अडचण मुलीची होती. ती पास, पण वय सतरा. मोबाइल राइडवर अठराच्या खालच्या मुलासोबत घरचं मोठं माणूस घोड्यावर लागतं, आणि न बसणाऱ्याची सोय नाही कारण सामानाचा ट्रक वेगळ्या वाटेने जातो. म्हणजे मामा बाद तर पोरगी पण बाद. ती काही बोलली नाही, टोस्टला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जॅम लावत बसली, लावून झालेल्या जागी परत. तिची आई म्हणाली, “दादा, तू हिच्यासाठी आलायस ना?” बस, एवढंच. मामा उठून बाहेर गेले.

परत आले ते नवीन आयडिया घेऊन, मग सगळेच केनियाला जाऊ! केनियाला यलो फीवरचं इंजेक्शन लागतं, ते निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यावं लागतं, आणि सर्टिफिकेटशिवाय तिथून भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. शिवाय माराची राइड काही सोपी नाही हे वर सांगितलंच.

मग मी फोन घेऊन बसले, तिथे नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ येतं, तिथे उन्हात उभी. डेल्टातच काही कॅम्प एका जागी पक्के असतात, रायडर सकाळी घोड्यावर जातात, बाकीचे जीपने नाहीतर मोकोरोतून, म्हणजे ती काठीने ढकलायची चिंचोळी होडी, आणि जेवायला सगळे एकत्र. अशा फॅमिलीला पहिल्यापासून हेच द्यायला हवं होतं, पण पुण्याच्या कंपनीने मुलीच्या हौसेवर आणि मामांच्या टिकमार्कवर बुक करून टाकलेलं. ग्रुपमधला सगळ्यात कच्चा कोण ते बघून ट्रिप ठरवायची असते, सगळ्यात पक्का कोण ते बघून नाही, हे मी त्या लोकांना मेलवर कितीदा लिहिलंय. जूनमध्ये पक्के कॅम्पही भरलेले असतात. दुपारपर्यंत नाही-नाहीच ऐकलं. शेवटी मौनच्या एका ऑफिसातल्या बाईने सांगितलं की चार रात्रींसाठी एक फॅमिली टेंट सुटतोय, दोन रात्री कमी, आणि मोबाइल राइडच्या पैशातला काही भाग बुडणार. मी हो म्हणून टाकलं आणि मग आत जाऊन विचारलं.

आई लगेच तयार. मुलीने फक्त विचारलं, तिथे कँटर (ट्रॉटपेक्षा वेगाची दौड) मिळेल ना. मामांनी विचारलं, होडी उलटत नाही ना, पाणघोडे असतात म्हणे. असतात, म्हणून तर होडीवाला उथळ पाण्यातून नेतो. मग इन्शुरन्स काढून बघितला, मुलीच्या पॉलिसीत घोडेस्वारी कव्हर होती का ते, कारण बऱ्याच साध्या पॉलिसीत नसते आणि डेल्टातून हेलिकॉप्टरने उचलायची वेळ आली तर बिल बघूनच माणूस परत आजारी पडेल. होती कव्हर, नशीब. मामांची ती मोठी कडक सुटकेस मात्र माझ्या ऑफिसात राहिली, मौनहून पुढच्या छोट्या विमानात वीस किलोच जातात आणि तेही मऊ बॅगेत.

मुलीने तिथून फोटो पाठवले, पाण्यातला तो फोटो पण आहे, घोडी वेगळी, लगाम सैल. मामांचा मोकोरोतला फोटो आहे, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरलेल्या.

पुण्याच्या कंपनीला आता मी सांगितलंय की फॉर्मसोबत प्रत्येक रायडरचा ट्रॉट आणि कँटरचा व्हिडिओ लागेल, नाहीतर बुकिंग घेणार नाही. त्यांचं म्हणणं क्लायंट दुखावतात. दुखावू देत. मामांनी पुण्यात क्लास लावलाय, वजन 98 वर आलंय म्हणे, आणि पुढच्या जूनसाठी गेल्या आठवड्यात व्हिडिओ पण आलाय. त्यात मामा डोक्यापासून कमरेपर्यंत दिसतात, हेल्मेट नवीन, चेहरा गंभीर. घोड्याचे पाय फ्रेममध्येच नाहीत, तो चालतोय का पळतोय काही कळत नाही. पूर्ण घोडा दिसेल असा पाठवा म्हणून मेसेज टाकलाय.