एकशे बारा शब्दांचे काका

कथास्पर्धेच्या नियमावलीत नववा नियम होता: 'कथा बरोबर १०० शब्दांची असावी. शीर्षक वगळून.' माझी भरली ११२.

शतशब्दकथेला लिहिणारे लाडानं 'शशक' म्हणतात. शशक म्हणजे ससा. तिची धाकटी बहीण अलक, म्हणजे अतिलघुकथा. तिथे तर चार ओळींतच आटपायचं. मला ससाच बरा वाटला होता.

गोष्ट मावशीच्या स्टीलच्या डब्याची. वीस वर्षांपूर्वी शेजारी गेलेला, नाव कोरलेला डबा मावशी गेल्यावर काका परत आणून देतात, एवढीच. कात्री घेऊन बसलो. 'खूप', 'अगदी' आणि एक 'अर्थात' असे तिघे बिनतक्रार गेले. 'हळू हळू' जोडून लिहिल्यावर आणखी एक वाचला. इथे मराठीचे उपकार मानावेत तेवढे थोडे. 'घरासमोरच्या' हा आपल्याकडे एकच शब्द. इंग्रजीत त्याला निदान तीन-चार मोजावे लागले असते. शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं हे शाळेत छड्या खाऊन शिकलो, ते आत्ता वसूल झालं.

मग हाव सुटली. रात्री साडेअकराला 'चहासाखरपोहे' असा एक शब्द केला. बायकोनं मागून वाचलं. म्हणाली, ''समाहार द्वंद्व म्हणून खपेल एक वेळ. पण 'काकूचीभाजी' वेगळं कर.''

पूर्वी दिवाळी अंकांच्या स्पर्धांना कथा पाठवायचो तेव्हा शब्दांपेक्षा लिफाफ्याची धास्ती असे. कागदाच्या एकाच बाजूस सुवाच्य अक्षरात लिहायचं आणि सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा जोडायचा. पोस्टमनच्या हातात आपलंच अक्षर दिसलं की फोडायचीही गरज नसे. साभार परत! आता कथा परत येत नाही, नुसती बेपत्ता होते. मला लिफाफा जास्त सभ्य वाटतो.

तर, अजून सहा शब्द जास्त होते. डबा काढता येईना, मावशी काढता येईना. काकांना सहाच शब्द होते: 'दम्यानं धापत काका जिना चढून आले.' डोळे मिटून तेच उडवले. बरोबर शंभर. आता डबा आपसूक दारात येऊन बसलेला.

निकाल लागला, उत्तेजनार्थ. ई-प्रमाणपत्रावर आडनावातली वेलांटी उलटी, आणि खाली परीक्षकांचा अभिप्राय: 'डबा कोणी आणला हे न सांगण्यातला संयम विशेष भावला.'

बायकोनं तो मोठ्यानं वाचून दाखवला, दोनदा. मग विचारलं, ''काकांना कळवलंस का?''

काका खरे आहेत. दुसऱ्या मजल्यावर राहतात, दमाही खरा. संध्याकाळी पेढे घेऊन गेलो तर म्हणाले, ''वाचून दाखव की.'' मी फोनमधली ११२ शब्दांची प्रत उघडली.