बेंदराच्या दोन पुरणपोळ्या

जूनच्या पहिल्या आठवड्यात वजनाचा काटा 70.8 किलोवर येऊन बसला तो उठेचना. आमचं सांगलीतलं घर जुनं, शहाबादी फरशीचं. एका फरशीवर 70.8, शेजारच्या फरशीवर 70.5. रोज सकाळी मी काटा उचलून फरशा बदलत होते. एकदा सासूबाईंनी पाहिलं आणि विचारलं, "काय शोधतेस गं खाली?" काय सांगणार, हरवलेले तीनशे ग्रॅम?

सुरुवात जानेवारी 2024 ला झाली. वय 45, उंची 156 सेंटिमीटर, वजन 79.4, आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, 5.9. मधुमेह नव्हे, पण 5.7 च्या पुढे गेलं की त्याच्या उंबऱ्यावर उभं राहिल्यासारखंच. सकाळी आमराईत चालणं, दिवसाला 1400 कॅलरी, रात्रीचा भात बंद. वजन महिन्याला दोन किलोच्या आसपास उतरत होतं. पाडव्याचं श्रीखंडसुद्धा दोन चमच्यांवर भागवलं. ऑफिसात बायका विचारायला लागल्या, काय करतेस म्हणून. साडेआठ किलो उतरले आणि मग गाडी बंद.

पहिल्यांदा मी केलं ते सगळेच करतात. आणखी कमी खाल्लं. 1400 चे 1100 केले. आठ दिवस टिकले. डोकं दुखायचं, कुणी नुसतं "चहा?" म्हटलं तरी अंगावर धावून जायचे. नवव्या रात्री साडेअकराला पाण्याला उठले आणि ओट्यावरचा भडंगाचा डबा दिसला. दिवा न लावता, फ्रिज उघडा ठेवून त्या उजेडात उभ्या उभ्या खाल्लं. अर्धा डबा. खाली राहिलेले लसणाचे तळलेले तुकडे आणि दाणे बोटांनी टिपून खाल्ले. सकाळी मुलगी म्हणाली, "आई, भडंगाला मुंग्या लागल्या होत्या का गं?" मी हो म्हटलं.

मग मुलीनेच मोबाइलवर दाखवलं की मध्येच एक दिवस पोटभर, मनसोक्त खायचं, चीट डे म्हणतात त्याला, म्हणजे शरीर दचकतं आणि वजन पुन्हा उतरायला लागतं. दचकायला तर मीही तयार होते. त्या रविवारी सकाळी मिसळ, दुपारी बिर्याणी, संध्याकाळी आइस्क्रीम, रात्री पिझ्झा. नंतर प्रामाणिकपणे जोडलं तर 3800 च्या घरात गेलं. सोमवारी काटा 72.7. जवळजवळ दोन किलो! त्या दिवशी मी ऑफिसला डबा नेला नाही आणि दिवसभर काही खाल्लं नाही. दिवसाचा उपास, रात्रीचा भडंग, हे चक्र कसं सुरू होतं ते तेव्हा कळलं.

शेवटी मैत्रिणीच्या ओळखीतल्या, मिरजेच्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. आधी थायरॉइड तपासून घ्या म्हणाल्या. ते ठीक निघालं. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि गणित मांडलं. वजन, उंची, वय घालून शरीराचा नुसता बसून होणारा खर्च काढतात. 79.4 किलोला माझा 1383 कॅलरी होता, 70.8 ला 1297. उठणं-बसणं धरून 1.4 ने गुणलं तर दिवसाचे आधी 1936, आता 1816. म्हणजे साडेआठ किलोंचं ओझं उतरलं तशी माझी भूकही साधारण 120 कॅलरींनी लहान व्हायला हवी होती. "पण एवढ्यानं वजन अडकत नाही," बाई म्हणाल्या. "1400 खाल्लेत तर अजूनही रोज 416 ची तूट आहे. महिन्याला दीड किलो जायला हवं. जात नाही, म्हणजे तुम्ही 1400 खात नाही." मला राग आला. वही पुढे केली. सगळं लिहिलेलं होतं की!

त्या म्हणाल्या, दहा दिवस वही नको, ताजवा वापरा.

स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा काटा आणला आणि माझी अब्रू गेली. तेलाच्या डब्यातला चमचा मी 5 ग्रॅमचा धरत होते, तो भरला 9 ग्रॅम. चौघांच्या भाजीला चार चमचे, म्हणजे माझ्या वाट्याला प्रत्येक वेळी 36 कॅलरी जास्त. दोन वेळचे 72. दाण्याचं कूट तर मी लिहीतच नव्हते, कारण आमच्याकडे कूट हा पदार्थ नाही, मीठ-हळदीसारखा मसाला आहे. कोशिंबिरीत चिमूट, भाजीत मूठ. माझ्या वाट्याचे रोजचे दोन चमचे म्हणजे 24 ग्रॅम, 136 कॅलरी. आमटीची चव बघणं, मुलीच्या ताटातला उरलेला घास, चहातली जरा जास्त साखर यांचे चाळीसेक. झाले अडीचशे. 416 मधून ते गेले, उरले 166. फोनमधली पावलं पाहिली तर मार्चमधली साडेआठ हजार जूनमध्ये साडेपाच हजारांवर आलेली. चालायला जात होतेच, पण घरात "जरा वरचे कपडे आण गं" ही वाक्यं वाढली होती. कमी खाणारं शरीर असंच कुठे कुठे हात आखडतं आणि आपल्याला पत्ता लागू देत नाही.

आणि उपास! 17 जुलैची आषाढी एकादशी या दहा दिवसांत आली. माझ्या वहीत एकादशीच्या पानावर नुसतं "उपास" असं लिहिलेलं असायचं, हलका दिवस म्हणून. या वेळी खिचडी मोजली. कोरडा साबुदाणा 60 ग्रॅम, कूट 30 ग्रॅम, अर्धा बटाटा, दोन चमचे तूप. एक बशी 520 कॅलरी. ती दोनदा घेतली. वर रताळ्याचा कीस, केळी, दूध. एकादशी दुप्पट खाशी हे लहानपणापासून ऐकत आले, पण ते माझ्याबद्दल आहे हे ग्रॅममध्ये पाहायला लागलं.

म्हणजे जास्त खाण्याचे दिवस माझ्याकडे होतेच. फक्त ते चोरून येत होते. बाईंनी सुचवलं ते एवढंच की त्यांना वार ठरवून द्या. आठवड्यात पाच दिवस 1400, बुधवारी आणि रविवारी 1800. वाढीव चारशे कॅलरी एकाच जेवणात, शक्यतो दुपारच्या, आणि जास्त करून भात, पोळी, गूळ, फळं यांतून, तळलेल्यातून नको. मोजल्याशिवाय खायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी उपास करून फेडायचंही नाही. 1800 म्हणजे माझा खर्च 1816, त्याच्या जवळपास. शरीराला त्या दिवशी तूट नाही, पण चैनही नाही. त्या रविवारच्या 3800 चं गणितही त्यांनीच करून दाखवलं. सहा दिवसांची कमाई 2496, एका दिवसाची उधळपट्टी 1984. शिल्लक 512. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी, तेव्हा आठवडाभर राबून हाती 70 ग्रॅम.

मी विचारलं, यानं चयापचय पेटतं म्हणतात ते खरं का? बाई हसल्या. लेप्टिन नावाचं एक संप्रेरक आहे, 1994 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात शोधलेलं. चरबीच्या पेशी ते सोडतात आणि मेंदूला कळवतात की कोठार भरलेलं आहे. खाणं कमी केलं की ते उतरतं, भूक वाढते. पिष्टमय पदार्थ जास्त खाल्ले की थोडा वेळ वर येतं, पण पुन्हा कमी खायला लागलं की परत खाली. एका जेवणानं भट्टी पेटत नाही. ऑस्ट्रेलियातला मॅटाडोर नावाचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, तो लोक यासाठी पुढे करतात. त्यात 51 लठ्ठ पुरुष होते. काहींनी सलग 16 आठवडे कमी खाल्लं, काहींनी दोन आठवडे कमी आणि दोन आठवडे गरजेइतकं असं आलटून पालटून. दुसऱ्या गटाचं वजन जास्त उतरलं, सरासरी 14 किलो, पहिल्याचं 9. पण सुट्टी दोन-दोन आठवड्यांची होती, एका ताटाची नाही, आणि सगळं मिळून त्यांना सात महिने लागले. मला हे ऐकून बरंच वाटलं. जादू नाही म्हटल्यावर माझ्या आधीच्या अपयशाचाही दोष थोडा कमी झाला.

पहिलं ठरवलेलं जेवण त्याच आठवड्यात बेंदराचं. आमच्या भागात आषाढात मातीचे बैल पुजतात आणि घरोघरी पुरण शिजतं. मी ताजवा ओट्यावर मांडला. पाव किलो हरभऱ्याची डाळ, पाव किलो गूळ, पाव किलो कणीक, दहा पोळ्या. लाटायची पिठी आणि तव्यावरचं तेल धरून एक पोळी 300 कॅलरी. गोळे सारखे व्हावेत म्हणून पुरणाचा एकेक उंडा काट्यावर ठेवत होते. सासूबाई पाटावर बसून वेलदोडे सोलत होत्या. म्हणाल्या, "देवाच्या नैवेद्यालाही आता तागडी?" मी म्हटलं, "देवाचा नाही आई, माझा मोजतेय." "मग माझाही मोज," त्या म्हणाल्या, "मला नेहमी छोटी येते."

दोन पोळ्या, वर दोन छोटे चमचे तूप, वाटीभर कटाची आमटी. 790 झाले. नेहमीच्या दुपारपेक्षा चारशे जास्त, ठरल्याप्रमाणे. बसून, ताटात घेऊन, सगळ्यांबरोबर खाल्लं. तिसरी नको म्हणताना आश्चर्य म्हणजे काही वाटलं नाही, कारण पुढचा बुधवार माझाच होता.

दुसऱ्या दिवशी काटा 900 ग्रॅमनी वर. बाईंनी बजावलं होतं म्हणून घाबरले नाही. पोटात गेलेले पिष्टमय पदार्थ शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीन ग्रॅमच्या आसपास पाणी धरून ठेवतं. कटाच्या आमटीतलं मीठ आणखी थोडं. 900 ग्रॅम चरबी वाढायला सात हजार कॅलरी लागतात, मी वर खाल्ल्या चारशे. चौथ्या दिवशी 70.8, पाचव्या दिवशी 70.1. दीड महिन्यात पहिल्यांदा सत्तरच्या उंबऱ्यावर. पुरणपोळीनं वजन उतरवलं असं सांगायचा मोह होतो, पण मोजून खाणं आधीच सुरू झालं होतं आणि अडकलेलं पाणीही सुटलं असणार. आमच्या वयात पाळीच्या आधी तसंही किलोभर पाणी चढतं. त्यामुळे आता रोजचा आकडा नुसता लिहिते, बघते आठवड्याची सरासरी, आणि तीही गेल्या पाळीच्या त्याच आठवड्याशी ताडून. काटा कायमचा चौथ्या फरशीवर.

पुढचे महिने सांगण्यासारखे नाहीत. आठवड्याला पाव किलो, कधी काहीच नाही. गणेश चतुर्थी शनिवारी आली म्हणून रविवारची अदलाबदल केली. गौरीजेवण बरोबर बुधवारी, 11 सप्टेंबरला आलं, तेव्हा सासूबाईंनी स्वतःच जाहीर केलं, "आज हिचा वार आहे." शेजारच्या काकूंना वाटलं, उपास. त्यांनी माझ्यासाठी राजगिऱ्याचा लाडू आणला! दोनदा वार चुकलाही. एका लग्नात मोजणं शक्य नव्हतं, तिथे वाढपी हातातल्या जिलब्या संपेपर्यंत हलत नाही. रात्रीचं चोरून खाणं मात्र सप्टेंबरनंतर आठवत नाही. नवऱ्याला साखरेच्या गोळ्या आहेत. त्यांनाही हे वार हवे होते, पण गोळीचा डोस आणि जेवण यांचा मेळ डॉक्टरांनी बसवल्याशिवाय नाही, असं मी सांगितलं. ते अजून डॉक्टरांकडे गेलेले नाहीत.

31 ऑक्टोबरला, नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगाआधी काटा 67.2.

भाऊबीज रविवारी होती, म्हणजे माझ्याच वारी. मिरजेला भावाकडे गेले. वहीत आधीच लिहून ठेवलं होतं: पुरी तीन, भाजी, मसालेभात एक वाटी, गुलाबजाम दोन. ओवाळून झालं, पाट मांडले, वहिनीनं वाटीत तीन घातले. म्हटलं, "वहिनी, दोनच." ती म्हणाली, "तिसरा दादांनी स्वतः तळलाय, आयुष्यात पहिल्यांदा." तो एका बाजूनं काळा आणि आत कच्चा होता. खाल्ला. घरी येऊन वहीत दोनाचे तीन केले आणि एक पुरी खोडली, ती खरंच खाल्ली नव्हती.