सीएसएम बंद, स्क्रीन काळी: बी450 चा पुढचा भाग

सुटलं एकदाचं! माझ्या बी450 मदरबोर्डच्या पीसीवर विंडोज 11 चढवायचंय, त्यासाठी सिक्युअर बूट (सही असलेलं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) चालू करत होतो. आता एमएसइन्फो32 मध्ये (विंडोजचं सिस्टिमची माहिती दाखवणारं टूल) 'सिक्युअर बूट स्टेट: ऑन' दिसतंय.

मागच्या भागात गाडी एफटीपीएमपाशी (विंडोज 11 ला लागणारी, प्रोसेसरमधलीच सुरक्षा सोय) अडली होती. ते बायॉसमधल्या एका सेटिंगचं काम निघालं. प्रोसेसर रायझन 5 2600, विंडोज 11 च्या यादीत बसतो. (2400जी वाल्यांनो, आकड्यावर जाऊ नका, ती चिप पहिल्या झेन डिझाइनची, यादीत नाही.) एमबीआर2जीपीटी (डिस्क जुन्या एमबीआर मांडणीतून नव्या जीपीटीत नेणारं विंडोजचं टूल) मात्र व्हॅलिडेटलाच, म्हणजे आधीच्या तपासणीतच, अडून बसलं, कारण डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन आणि त्याला तीनच्या वर चालत नाहीत. ई ड्राइव्ह रिकामा करून उडवला, मग झालं निमूट.

खरं डोकं खाल्लं ते सीएसएमने, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करू देणाऱ्या बायॉसमधल्या सोयीने; सिक्युअर बूटसाठी ती बंद लागते. बंद करून सेव्ह केलं की पंखे फिरतात, कीबोर्डचे दिवे लागतात आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल'. मग कॅबिनेट उघडा, बायॉस मूळ सेटिंगवर आणायला क्लिअर सीमॉसच्या पिनांना स्क्रू ड्रायव्हर लावा, एफटीपीएम पुन्हा चालू करा. केबल बदलली, रॅम काढून बसवली, ढिम्म. 2600 ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डावरचं एचडीएमआय शोभेपुरतं.

शेवटी सीएसएम चालू ठेवून जीपीयू-झेड (ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं. 'यूईएफआय'च्या (बायॉसची नवी पद्धत) चौकटीत टिकच नाही! माझं ग्राफिक्स कार्ड जीफोर्स 210 हे 2009 सालचं मॉडेल, त्याच्या व्हीबायॉसमध्ये (कार्डाचं स्वतःचं बायॉस) जीओपी, म्हणजे यूईएफआयमध्ये चित्र दाखवणारा ड्रायव्हर, नाही. सीएसएम गेलं की अशा कार्डावर बायॉसला चित्र काढताच येत नाही. विंडोज 11 साठी पीसी तपासणारं मायक्रोसॉफ्टचं हेल्थ चेक याबद्दल चकार शब्द काढत नाही. माझ्या मते तपासणी जीपीयू-झेडपासूनच सुरू करावी.

मित्राचं जीटी 1030 लावलं आणि पहिल्याच फटक्यात लोगो आला. अहाहा! तरी सिक्युअर बूट 'एनेबल्ड' असून विंडोजमध्ये ऑफच. बोर्ड सेटअप मोडमध्ये होता, म्हणजे सही तपासायच्या कीज त्यात बसवलेल्याच नव्हत्या. फॅक्टरी कीज रिस्टोर केल्यावर ऑन झालं.

210 च्या व्हीबायॉसमध्ये जीओपी घुसवायचा बेत होता, तो रद्द. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जुनं 1030 बघतो; दुकानात चालवून दाखवलं तरच पैसे.

आणि हे लिहिताना सुचलं: या फॅक्टरी कीज 2011 च्या सर्टिफिकेटांच्या, त्यांची मुदत 2026 च्या जूनपासून संपायला लागते. म्हणजे विंडोज 11 चढवण्याआधी नव्या बायॉसमध्ये 2023 ची सर्टिफिकेटं आहेत का ते बघायला हवं. बायॉस अपडेटसाठी पेन ड्राइव्ह फॅट32 करायला घेतलाय. कुणी बी450 वर हे केलं असेल तर बायॉसचं व्हर्जन सांगा.