पाळी गेल्यानंतरचं घोरणं : माझा अनुभव

मी घोरते हे मला नवऱ्याने सांगितलं. त्याआधी वर्षभर मी थकवा, सकाळी उठल्या उठल्या जड होणारं डोकं आणि दुपारी मिटू लागणारे डोळे, या सगळ्याचं खापर पाळी जाण्यावर फोडत होते. त्यात काही अंशी तथ्य निघालं. पाळी थांबली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स कमी होतात, घशाच्या स्नायूंचा ताण ढिला पडतो आणि बायकांमध्ये घोरण्याचं, झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण वाढतं. पण बाई घोरते हे घरातही कुणी बोलत नाही आणि डॉक्टरही चटकन विचारत नाहीत. म्हणूनच हे लिहिते आहे.

नवऱ्याने रात्री मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला. घरघर ऐकून वाईट वाटलं, पण घाबरले ती मधल्या शांततेने. घोरणं एकदम थांबायचं, काही क्षण काहीच नाही, आणि मग बुडता माणूस वर यावा तसा धापेसारखा श्वास. असं पुन्हा पुन्हा. हे रेकॉर्डिंग घेऊनच मी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले.

त्यांनी फार छान समजावलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट अरुंद होते आणि त्यातून हवा जोरात जाताना मऊ टाळू, पडजीभ, घशाच्या भिंती थरथरतात. तोच तो आवाज. वाट पूर्ण मिटून 10 सेकंद किंवा जास्त श्वास थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. मात्र प्रत्येकाचं अडण्याचं ठिकाण वेगळं असतं, त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. मला हे सगळ्यात मोलाचं वाटलं. कारण तोवर नाकावरच्या पट्ट्यांपासून खास उशांपर्यंत सल्ले देणारे भरपूर भेटले होते. कुठे अडतंय, हे विचारणारं कुणी नव्हतं.

त्यांनी मला जीभ बाहेर काढून दातांत हलकेच धरायला आणि घोरल्यासारखा आवाज काढायला सांगितला. आवाज बराच कमी झाला. म्हणजे जिभेचा मागचा भाग घशात पडत असण्याची शक्यता. मग एकेक नाकपुडी दाबून श्वास, नाकात दुर्बीण, आणि थायरॉइडची रक्ततपासणी, कारण थायरॉइड मंदावलं तरी घोरणं वाढू शकतं. माझं ठीक निघालं. नाकात ॲलर्जीची सूज मात्र होती.

मग घरीच स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतल्या श्वासाची तपासणी. छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. एवढं अडकवून झोप लागणार कशी, असं वाटलं होतं, पण लागली. रिपोर्टमध्ये तासाला सरासरी 13 वेळा श्वास अडत होता किंवा उथळ होत होता. 5 पेक्षा कमी म्हणजे ठीक, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्यापुढे तीव्र. पण त्याच कागदावर खाली आणखी दोन आकडे होते : उताणी झोपल्यावर 27, कुशीवर 4. तुमचा रिपोर्ट आला तर या ओळी आवर्जून बघा. सरासरीत हा फरक दिसत नाही.

त्यामुळे माझा उपाय ठरला तो कुशीवर झोपण्याचा. पाठीशी लांब उशी, आणि सुरुवातीला झोपायच्या सदऱ्याला पाठीवर खिसा शिवून त्यात चेंडू. उताणं वळलं की टोचतो आणि अंग आपोआप कुशीवर येतं. खांदा दुखायचा, गुडघ्यांमध्ये उशी घेतल्यावर बरं वाटलं. नाकासाठी मिठाच्या पाण्याने धुणं आणि डॉक्टरांनी दिलेला स्प्रे. जिभेचे व्यायामही केले : टोक वरच्या दातांमागे टेकवून जीभ टाळूवरून मागे सरकवायची, मग सगळी जीभ टाळूला दाबून धरायची. 2009 मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी असे व्यायाम मध्यम ॲप्नियाच्या रुग्णांना तीन महिने देऊन त्रास कमी झाल्याचं दाखवलं होतं. कंटाळवाणे आहेत, रोज करावे लागतात. झोपेची गोळी मला आधी सुचवली गेली होती, ती घेतली नाही. काही गोळ्यांनी आणि दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात.

माझ्या बहिणीचा आकडा तीव्र निघाला. तिथे कूस बदलून भागण्यासारखं नव्हतं, तिला सीपॅप लागलं. 1981 मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी मांडलेली ही पद्धत : मास्कमधून हवेचा हलका दाब देऊन वाट उघडी ठेवायची. तिला मास्क बदलून घ्यावा लागला, सवयीला वेळ लागला. आता ती प्रवासालाही यंत्र घेऊन जाते.

पुन्हा चाचणी केली तेव्हा माझी सरासरी 5 च्या खाली होती. सर्दी झाली की अजूनही घोरते, पण सकाळचं डोकं हलकं असतं. तुमच्या घरातली कुणी बाई घोरता घोरता मध्येच गप्प होत असेल किंवा दिवसा बसल्या बसल्या पेंगत असेल, तर तिला आधी तपासणीला न्या. गाडी चालवताना डुलकी येत असेल तर तपासणी होईपर्यंत तिच्या हातात गाडी देऊ नका.