नानांच्या उजव्या सँडलची टाच

परवा चपलांचा रॅक आवरताना नानांची वेल्क्रोची सँडल हातात आली, पॅरालिसिसच्या अटॅकनंतरचे पहिले काही महिने घरात वापरलेली. डाव्या पायातलीची टाच झिजलेली आणि उजव्या पायातलीची टाच कोरी करकरीत, फक्त करंगळीच्या बाजूची कड घासून गेलेली. तेव्हाच ती उलटी करून बघायला हवी होती, म्हणजे कळलं असतं की नाना चालतायत पण उजव्या पायावर भारच देत नाहीयेत.

मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, म्हणून उजवं अंग गेलं. सकाळी हातातून चहाचा कप सुटला, आम्हाला वाटलं झोप झाली नसेल, आणि त्यातच वेळ गेला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आम्ही पोचलो तोवर ती वेळ निघून गेली होती. माझ्या मनातून हे जातच नाही. तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ जड झाली तर वाट बघू नका, लगेच १०८ लावा.

डिस्चार्जच्या वेळी सांगितलं, चालवा त्यांना. मग आम्ही चालवत सुटलो, हॉल ते किचन वीस फेऱ्या, नाना कंबरेतून पाय उचलून बाहेरून गोल फिरवून टाकायचे आणि आम्ही खूश. पंचवटीत घरी येणाऱ्या फिजिओ मॅडमनी पहिल्याच दिवशी थांबवलं. नानांचे तळवे ओल्या फडक्याने पुसले, मागून कमरेचा पट्टा धरला आणि म्हणाल्या, "काका, चार पावलं टाका." गॅलरीतल्या शहाबादी फरशीवर डाव्या पायाचा ठसा पूर्ण उमटला, उजव्याचा फक्त चवडा आणि बाहेरची कड. टाच नाहीच.

पोटरी आखडते, घोटा आत वळतो, नडगीपुढचा स्नायू कमजोर म्हणून चवडा लोंबतो, त्यामुळे पाऊल कडेवर पडतं. शिवाय तळव्याला जमीनच नीट जाणवत नाही. नाना म्हणायचे, "पायाखाली कापूस आहे गं." ज्याच्याखाली कापूस आहे त्या पायावर माणूस भरवसा कसा ठेवणार?

मग सुरू झाला दोन वजनकाट्यांचा व्यायाम, आमच्या घरात सगळ्यात उपयोगी पडला तो हाच. सारखे दोन काटे शेजारी शेजारी, एकेकावर एक पाय, समोर ओटा धरायला, मागे मी. नानांचं वजन ६६, पहिल्या दिवशी डावीकडे ४६ आणि उजवीकडे २०. तो आकडा बघून आई पदर तोंडाला लावून आत गेली. रोज सकाळी मी म्हणायचे, "नाना, उजवा काटा पंचवीसवर न्या," आणि ते दात-ओठ खाऊन न्यायचे, चार सेकंद टिकायचे. आता २९ वर आलेत. चवडा लोंबू नये म्हणून बुटात एएफओ, म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी असते ती, आणि रोज रात्री करंगळीखालची कातडी बॅटरी लावून बघायची, सगळा दाब तिथेच येतो आणि बधिर पायाला फोड आला तरी कळत नाही.

पार्किंगमध्ये १० मीटर मोजून खडूने रेघा मारल्यात. आधी २५ सेकंद लागायचे, आता १६. सेकंदाला ०.४ मीटरच्या खाली वेग असला तर माणूस घरापुरताच चालतो आणि ०.८ च्या वर गेला की बाहेर मोकळा फिरतो, असं साधारण धरतात. म्हणजे आम्ही अजून मध्येच आहोत.

नानांना रामकुंडावर जायचंय, दुतोंड्या मारुतीसमोर, पण घाटाच्या पायऱ्या ओल्या असतात म्हणून मी अजून हो म्हटलेलं नाही. सध्या बिल्डिंगच्या जिन्यावर सहा पायऱ्या होतात, चढताना आधी डावा, उतरताना आधी उजवा, आणि प्रत्येक पायरीला नाना स्वतःच मोठ्याने म्हणतात, "टाच."