तोंडं कुठे आहेत?

रेल्वेचं कुठलं इंजिन कुठल्या कामाला द्यायचं हे ठरवणाऱ्या पॉवर कंट्रोलरच्या खुर्चीत बसलं की इंजिन म्हणजे नुसता नंबर होतो. या खुर्चीत येण्याआधी मी सात वर्षं शंटर होतो, म्हणजे यार्डात इंजिन चालवून वॅगन हलवणारा, म्हणून ही गोष्ट जास्त टोचते.

त्या दिवशी सकाळी यार्डातलं डब्ल्यूडीएस-६ बसलं. हे साधारण १४०० हॉर्सपॉवरचं म्हातारं इंजिन, पण एकाच केबिनमधून दोन्हीकडे चालवता येतं आणि शंटरला त्याची खोड न खोड माहीत. साइडिंगमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, भरलेले बॉक्सएन (उघडे मालडबे) तुकड्यातुकड्याने ढकलायचे होते. माझ्याकडे दोन पर्याय होते. एक डब्ल्यूडीजी-४, मालगाडीचं मोठं इंजिन, पण ते दुपारच्या मालगाडीला लावलेलं. दुसरा पर्याय म्हणजे नुकतीच आलेली दोन डब्ल्यूडीजी-३ए, एमयू जोडलेली, म्हणजे एकाच केबिनमधून दोन्ही चालतील अशी.

"६२०० हॉर्सपॉवर देतोय तुला, अजून काय पाहिजे?" वरून फोन आला. वरच्यांना हॉर्सपॉवर फार आवडते. यार्डात ताशी पाच-सातच्या वेगाला ती काय कामाची? तिथे चाकावरचं वजन ओढतं आणि ब्रेक थांबवतो. हे मला ठाऊक होतं. तरी मी जोडी दिली, कारण डब्ल्यूडीजी-४ काढलं असतं तर दुपारच्या गाडीच्या उशिराची नोंद माझ्या नावावर चढली असती.

लाइनवर चालणाऱ्या जोडीची तोंडं बाहेरच्या बाजूला ठेवतात. दोन्ही केबिन दोन टोकांना, लांब हूड (केबिनमागचा इंजिनाचा लांब भाग) आत एकमेकांकडे. गाडी कुठल्याही दिशेने निघो, समोर दिसतं. शंटिंगला हीच रचना जाचक होते. ढकलायचं वॅगनजवळच्या इंजिनातून आणि ओढायचं दुसऱ्यातून, म्हणजे प्रत्येक फेरीला केबिन बदलायची. एकाच केबिनमधून रेटायचं म्हटलं तर समोर आपला हूड, त्यापुढे दुसरं अख्खं इंजिन, आणि त्यापलीकडे कुठेतरी जमिनीवरून इशारे करणाऱ्या पॉइंट्समनचा हात.

केबिन बदलणं म्हणजे उतरून पलीकडे चालत जाणं एवढंच नाही. इंजिनाचा ब्रेक स्वतःचा की दुसऱ्या इंजिनाच्या हुकमाचा, ते एमयू-२बी व्हॉल्व्ह ठरवतो. सोडलेल्या इंजिनाचा हा व्हॉल्व्ह 'लीड'वरून 'ट्रेल'वर घ्यायचा, घेतलेल्याचा 'ट्रेल'वरून 'लीड'वर. मग एसए-९, म्हणजे फक्त इंजिनांचा ब्रेक, लावून दोन्ही इंजिनांचे ब्लॉक खरंच चाकांना बसतात का, ते खाली उतरून बघायचं. नीट केलं तर दहा मिनिटं जातात. मागचं इंजिन चुकून 'लीड'वर राहिलं, तर ते पुढच्याच्या एसए-९ला दादच देत नाही. दोन इंजिनं आणि ब्रेक एकाचा. वॅगनच्या ब्रेकमध्ये हवा भरत बसायला तर आमच्या यार्डात कुणाला कधी सवड नसते.

चौथ्या फेरीला तेच झालं. पुढे चौदा भरलेले वॅगन, म्हणजे अकराशे टनांच्या वर वजन, आणि त्यांच्यापुढे डेड एंड, जिथे रूळच संपतो. पॉइंट्समनने लाल दाखवली, शंटरने एसए-९ लावला, वेग हवा तसा उतरेना. मग त्याने ए-९, म्हणजे गाडीचा मुख्य ब्रेक, इमर्जन्सीला टाकला. पहिल्या वॅगनचा कपलर डेड एंडपासून हातभर अंतरावर थांबला. पॉइंट्समन तोवर रुळापासून लांब पळाला होता, ते बरं झालं.

मी खाली गेलो तेव्हा मागच्या इंजिनाचा एमयू-२बी 'लीड'वरच होता. व्हॉल्व्हवरची जाड काळी ग्रीस कुणाच्या तरी अंगठ्याने अर्धवट पुसलेली. म्हणजे हात तिथवर गेला होता, फिरवायचं राहिलं. शंटर माझ्याहून वयाने मोठा, माझ्याबरोबर काम केलेला. तो म्हणाला, "अरे, तीन वेळा केलं. चौथ्यांदा यार्डमास्तर वॉकी-टॉकीवर ओरडत होते." त्यापुढे काही बोलला नाही. चहाही नको म्हणाला.

डब्ल्यूडीजी-४ दिलं असतं तर एक केबिन, एक ब्रेक, आणि एक गाडी तासभर उशिरा. त्या तासाचं स्पष्टीकरण मी कसंही दिलं असतं.

परवा पुन्हा जोडी द्यायची वेळ आली. मी फोनवर विचारलं, "तोंडं कुठे आहेत?" पलीकडचा हसला, म्हणाला, "रजिस्टरमध्ये तोंडांचा रकाना कुठाय?" खरंच नाही. नंबर, शेड, हॉर्सपॉवर, डिझेल. त्या दिवशीच्या अहवालात कारणाचा रकाना मात्र आहे. त्यात 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा' लिहिलंय, आणि खाली तीन सह्यांमध्ये दुसरी माझी.